दहा मिनिटांचं काम

दुरुस्तीवाल्या बाईंनी लॅपटॉप उपडा घातला, पाठीवरचे सगळे स्क्रू एकेक करून काढले आणि झाकणाच्या फटीत नखाने दाब दिला. कडेकडेने टकटक वाजत झाकण सुटले. आत करड्या धुळीचा थर बसला होता. बाईंनी लहानशा ब्रशने तो झटकला आणि बोटभर लांबीची एक हिरवी पट्टी उचकटून उजेडात धरली.

"ही बघा तुमची रॅम. फक्त चारची. एवढ्यावर हल्लीचे गेम कुठले चालायला? मधेच अडकत असणार."

"अडकतो म्हणतो," बाबा म्हणाले.

"नातू का?"

"मुलगा."

बाईंनी मान वर केली. समोरच्या माणसाचे केस पूर्ण पांढरे होते.

"एकतीस वर्षांचा आहे," बाबांनी न विचारताच सांगून टाकले आणि ते काउंटरवरच्या स्क्रूंकडे पाहू लागले.

"असू दे की. खेळायला वय लागतं होय? आठाच्या दोन पट्ट्या घालते, मग कसा सुसाट पळतो बघा. बसा तिथे. दहा मिनिटांचं काम आहे."

बाबा बसले नाहीत. चौतीस वर्षे त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. उघड्या यंत्रासमोर नुसते बसून राहणे त्यांना जमत नसे. पट्टी खाचेत बसून खट् असा आवाज आला तेव्हा त्यांनी आपोआप मान डोलावली. काम नीट झाल्याचा आवाज ते ओळखत होते. बाईंनी लॅपटॉप सुरू केला, पडद्यावरचा सोळाचा आकडा त्यांना दाखवला आणि झाकण मिटून पुढे सरकवला.

बाबांनी तो हळूच पुन्हा त्यांच्याकडे सरकवला.

"हा तुमच्याकडेच राहू दे. आठवडाभर."

"अहो, झालं की काम."

"ठाऊक आहे. तरी राहू दे. मी येऊन नेईन."

बाईंच्या ओठांवर प्रश्न आला होता, पण इतकी वर्षे दुकानात बसून त्यांना न विचारण्याचीही सवय झाली असावी. त्यांनी झाकणावर नावाची चिठ्ठी चिकटवली आणि लॅपटॉप मागच्या फळीवर ठेवून दिला.

दोन वर्षे आणि चार महिने झाले होते. त्याआधी मुलगा इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात होता. एका मंगळवारी तो भरदुपारी घरी आला, बूट कपाटात नीट ठेवले, खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतले. आधी सगळ्यांना ताप वाटला. मग रजा वाटली. मग ऑफिसातून फोन येणेही बंद झाले. काय झाले, कुणी काही बोलले का, कुणी फसवले का, हे विचारून विचारून आईबाबा थकले. "काही झालं नाही," एवढेच उत्तर दाराआडून यायचे, आणि ते खरेच असावे, हीच मोठी पंचाईत होती. डॉक्टर येऊन दाराशी तासभर बसून गेले. मावशी येऊन दाराला तोंडाला येईल ते बोलून गेली. एकदा बाबांनी संतापाने कडी उखडून काढली, तर मुलाने आतून दाराला कपाट लावले. दुसऱ्या दिवशी बाबांनीच पेचकस घेऊन कडी पुन्हा बसवली.

मग घराला त्याची सवय झाली. ताट दाराबाहेर ठेवायचे, रिकामे ताट उचलायचे. घर निजले की तो आंघोळ उरकायचा. काही हवे असले तर ताटाखाली चिठ्ठी. नकाशे काढणाऱ्याचे ते सरळ, सुटे अक्षर: 'साबण संपला.' 'बल्ब गेला.' बाकी वेळ आतून कळफलकाचा खडखडाट आणि मधूनच दबकी कुजबुज. ती ऐकू आली की बाबा टीव्हीचा आवाज वाढवायचे.

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी ताटाच्या जागी लॅपटॉप होता आणि त्यावर चिठ्ठी: 'गेम अडकतो. रॅम वाढवून मिळेल का?' आईने त्यातले 'मिळेल का' तीनतीनदा वाचले. दुकानवाल्या बाई गावाला गेल्याने दुकान सोमवारपर्यंत बंद होते.

शनिवारी सकाळी आई भांडी घासत होती. मागे वळून पाहते तो मुलगा स्वयंपाकघराच्या दारात उभा. केस खांद्यापर्यंत आलेले, दाढी गळ्यापर्यंत, आणि चेहरा इतका फिकट की तिने आधी त्याच्या ओठांत रक्त आहे का तेच पाहिले.

"चहा आहे का गं?"

आई डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला होती. दिवसाला पन्नास जणांच्या डोळ्यांत ती औषध घालायची आणि एक थेंब इकडचा तिकडे होत नसे. त्या सकाळी तिने निम्मी साखर ओट्यावर सांडली. पण ती रडली नाही, आणि तिने त्याला निरखूनही पाहिले नाही. ऑपरेशननंतर रोग्याची पट्टी काढताना खोलीतला उजेड कमी करतात, तसा तिने खिडकीचा पडदा अर्धा ओढून घेतला आणि कप त्याच्यासमोर ठेवला.

तो बसला. रविवारीही येऊन बसला.

सोमवारी बाबा लॅपटॉप काखोटीला मारून निघाले तेव्हा आई जिन्यापर्यंत त्यांच्या मागोमाग आली.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, "घाई करू नका."

दुकानातून परतल्यावर बाबांनी बूट काढता काढताच सांगितले, "पार्ट मागवावा लागणार म्हणे. आठवडा तरी लागेल." खोटे बोलताना त्यांचे कान तांबडे व्हायचे, म्हणून ते बुटांच्या नाड्यांशी बराच वेळ खेळत राहिले.

"बरं," मुलगा म्हणाला. त्यानंतर त्याने एकदाही विचारले नाही. आईला हे फार चांगले लक्षण वाटले. "चौकशीसुद्धा करत नाही बघा," ती बाबांना म्हणाली, आणि तिने दवाखान्यात फोन करून आठवड्याची रजा टाकली.

मंगळवारी बाबांनी मुद्दाम पंखा उतरवला. त्यात बिघाड काहीच नव्हता. मुलाने शिडी धरली, मग स्वतःच वर चढून तारा जोडल्या. जोड पक्की बसली.

"माझं सगळं आयुष्य वरखाली करण्यात गेलं," बाबा म्हणाले, "आणि बढती मिळाली ती एकदाच. तीही तळमजल्यावर."

हा विनोद घराने शंभरदा ऐकला होता. मुलाच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. त्या दिवशी बाबांनी तो विनोद आणखी दोनदा केला.

बुधवारी ते त्याला म्हणाले, "चल, खालपर्यंत जाऊन येऊ. पाच मिनिटं."

मुलाने कपाटातले बूट काढले. चामडे कडक झाले होते. पाय घालताना त्याने दात आवळले. एक मजला दोघे नीट उतरले. दुसऱ्या वळणावर त्याने कठडा पकडला. बाबा दोन पायऱ्या पुढे होते, त्यांनी वळून पाहिले. मुलाच्या कपाळावरून घाम असा निथळत होता की जणू कुणी तांब्याभर पाणी ओतले असावे. खालून कुणाच्या तरी चपलांचा आवाज वर येत होता.

"बाबा, आता नको."

"बरं बरं. काही हरकत नाही. उद्या अजून एक मजला."

"हो," मुलगा म्हणाला. वर येताना तो भिंतीला धरून आला.

गुरुवारी त्याने बूट घातले, नाड्या बांधल्या आणि दाराशी तासभर उभा राहिला. बाबाही चप्पल घालून शेजारी उभे राहिले. शेवटी मुलाने खाली बसून नाड्या सोडल्या.

शुक्रवारी तो सकाळपासून दिवेलागणीपर्यंत स्वयंपाकघरातल्या त्याच खुर्चीवर बसून होता. आई बोलत राहिली. दवाखान्यातल्या एका आजोबांनी चष्मा डोक्यावर ठेवून तोच चष्मा सगळीकडे कसा शोधला, मावशीच्या घरी रंग देताना मांजर कसे निळे झाले. जिथे 'हो' म्हणायची गरज नव्हती तिथेही तो 'हो' म्हणत होता. त्याच्या कपातल्या चहावर साय धरली. आईने कप बदलला, दुसऱ्यावरही साय धरली. तिसरा कप ठेवताना तिला दिसले, की त्याने दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरली आहे. बोटांची पेरे पांढरी पडली आहेत. तो सकाळपासून असाच बसला असणार. आणि ती मांजराची गोष्ट सांगत होती.

तिचे बोलणे मधेच तुटले. पुढे काय झाले, असे त्याने विचारले नाही.

शनिवारी तिघे जेवायला बसले. मुलाने दोन घास खाल्ले, पाणी प्यायला आणि पेला खाली ठेवताना म्हणाला,

"बाबा, दहा मिनिटांचं काम असतं ते."

बाबांचा घास हातातच राहिला. आईने भाताचे भांडे उगाच जवळ ओढले.

"रॅम कुठल्याही दुकानात मिळते," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "सोमवारीच झालं असणार."

बाबांचे कान तांबडे झाले. "मग बोलला का नाहीस इतके दिवस?"

मुलाने पेल्याचा ओला गोल टेबलावरून बोटाने पुसला.

"मलाही वाटलं, बघू. जमतंय का." मग पेला बाजूला सारून तो म्हणाला, "नाही जमत."

आईने त्याच्या मनगटावर हात ठेवला. त्याने तो काढून घेतला नाही. ती स्वतःच उचलेपर्यंत तसाच राहू दिला.

बाबांनी हात धुतले आणि ते निघाले. दुकानात बाईंनी फळीवरून लॅपटॉप काढला, फडक्याने पुसला.

"एक गेम लावूनसुद्धा पाहिला मी. लोण्यासारखा चालतोय. खूश होईल तुमचा मुलगा."

"हो. होईल," बाबा म्हणाले.

ते घरी आले तेव्हा मुलगा खोलीच्या दाराशी उभा होता, आंघोळ करून, ओले केस मागे बांधून. बाबांनी लॅपटॉप पुढे केला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला.

"थँक्यू, बाबा." आणि मग आईकडे पाहून, "थँक्यू."

दार लागले. आतून कडी सरकली. चांगली सरकली, बाबांनीच बसवली होती.

दोघे स्वयंपाकघरात येऊन बसले. आईने त्याचे ताट आवरले. टीव्ही लावायला बाबांचा हात एकदा उठला, पण मग त्यांनी तो मांडीवर तसाच ठेवला. बाहेर अजून ऊन होते. रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होते आणि कुणीतरी त्याला वाट दाखवत होते.

तेवढ्यात खोलीतून हसण्याचा आवाज आला.

आईच्या हातातले ताट थांबले. ते दबके हसणे नव्हते. पोटातून आलेले, मोकळे, शेवटी खोकल्यात विरणारे हसणे होते. तो आठदहा वर्षांचा असताना असा हसायचा, आणि हसताना उचकी लागली की पाणी मागायचा. दोघे उठले आणि एकामागून एक त्याच्या खोलीसमोरच्या बोळात आले.

"अरे डावीकडून ये, डावीकडून! डावं कळतं का तुला? गेलास बघ. मेलास!" तो आत ओरडत होता. शब्द भराभर, एकमेकांवर आदळत येत होते. "आता मला एकट्याला टाकून बसा सगळे. चल, उचलतो तुला. दम धर."

मग तो थांबला. पलीकडचा कुणी खेळगडी काही विचारत असावा. ते फक्त त्याच्या हेडफोनमध्ये ऐकू येत होते.

"नव्हतो रे आठवडाभर," तो म्हणाला. "घरी गेलो होतो."

बाबांनी आईकडे पाहिले. आई दाराकडे पाहत होती.

"बरे आहेत," तो आत सांगत होता. "थकलेत जरा. बाबांचं तेच, तोच विनोद तीनदा." तो पुन्हा हसला. "आईने खूप केलं माझं. कामावर रजा टाकली बिचारीने."

कळफलकाचा थोडा वेळ नुसता खडखडाट झाला. मग त्याचा आवाज आला, जरा खालच्या पट्टीत.

"हो, बरं वाटलं भेटून. पण आता लवकर नाही जमणार जायला."

बाबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडले. आईने मानेनेच नको म्हटले. तो आणखी काय सांगतो ते तिला ऐकायचे होते. ताट हातात तसेच धरून, पाठ भिंतीला लावून, ती बोळातल्या फरशीवर खाली बसली. थोड्या वेळाने गुडघ्यावर हात टेकत बाबाही तिच्या शेजारी बसले.