मिनिटाची घंटा

पडद्याआडूनही आजींनी मुलाचा आवाज ओळखला. न ओळखायला काय झालं? हाच आवाज इतकी वर्षं फोनवर "आई, थोडक्यात सांग" म्हणत आला होता.

आजी इस्पितळाच्या तातडीच्या विभागात पाच नंबरच्या कॉटवर पडल्या होत्या. सकाळी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर तोल गेला, डोकं दारावर आपटलं आणि शेजारीण त्यांना घेऊन आली. मुलगा याच विभागाचा मुख्य, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पडायच्या आधी त्यांनी त्यालाच फोन केला होता, चक्कर येतेय म्हणून. कधीपासून येतेय इथवर पोचतात तोच तो म्हणाला, "आई, मीटिंग आहे, मुद्द्याचं बोल." "काही नाही, बरी आहे," म्हणून त्यांनी फोन ठेवला. आता त्याच्या नावावर वशिला लावायचा? त्यापेक्षा फरशीवर झोपेन म्हणणाऱ्या बाई त्या.

सकाळची डॉक्टर मात्र गुणाची निघाली. तिने चपलेच्या तुटक्या पट्ट्यापासून सगळं ऐकून घेतलं. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे म्हटल्यावर तिचा चेहरा बदलला.

"आजी, आत रक्तस्राव होत असेल तर वरून कळायचं नाही. डोक्याचा स्कॅन झाल्याशिवाय घरी जायचं नाही. मशीन रिकामं झालं की नेतील. माझी ड्युटी संपतेय, पण दुपारच्या डॉक्टरांना सांगूनच जाईन."

ते सांगणं आता पडद्यापलीकडे चाललं होतं आणि आजींचा मुलगा, म्हणजे विभागाचे मोठे डॉक्टर, हातात घंटा घेऊन उभे होते. ड्युटी बदलताना डॉक्टर फार पाल्हाळ लावतात, म्हणून साहेबांनी सुधारणा काढली होती. पेशंटपाशी जायचं नाही, नाव घ्यायचं नाही, नुसता कॉटचा नंबर सांगायचा आणि एका मिनिटात आटपायचं. रोग रेड्याला अन् औषध पखालीला, दुसरं काय!

"कॉट पाच," सकाळची डॉक्टर म्हणाली. "वयस्कर बाई, चक्कर येऊन..."

"वयस्कर नको, वृद्ध म्हणा. अक्षरं वाचतात," साहेब म्हणाले आणि वेळ वाचवण्यावर बरंच बोलले.

"वृद्ध बाई, चक्कर येऊन पडल्या, डोक्याला टेंगूळ, बीपी ठीक, आणि..."

घंटा वाजली.

"सर, एकच..."

"मिनिटात मावत नाही ते महत्त्वाचं नसतं. पुढची कॉट."

पडद्याआड आजींनी कपाळावर हात मारला, नेमका टेंगळावर. पोटी दिवटं जन्मलं ते जन्मलं, वर त्याच्या हातात घंटाही दिली कुणीतरी. सगळ्या कॉटा संपल्यावर साहेबांनी सकाळच्या मंडळींना सुधारणेचा फोटो काढायला बाहेर नेलं. ती डॉक्टर मुलगी वळून वळून पाहत गेली.

दुपारचा डॉक्टर पडदा सारून आला. "काय आजी, बरं आहे ना? सोडू या घरी."

"आणि स्कॅन?"

"कसला स्कॅन? मला तसं काही सांगितलेलं नाही."

"मी ती गोळी घेते. ती..." आजींना पुढचा शब्द सापडेना. जीभ जड झाली होती. ज्या जिभेला अख्खी गल्ली टरकून असायची, ती ऐन वेळी दगा देत होती. आजी घाबरल्या, मनापासून घाबरल्या.

"कसली गोळी? बीपीची?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि उरलासुरला जोर एकवटला. "त्या घंटावाल्याला बोलव. म्हणावं, आई मरतेय. थोडक्यात."

साहेब धावत आले. घंटा हातातच राहिली होती.

"आई? तू? मला कुणी सांगितलं का नाही?"

"ती पोरगी सांगत होती," आजी अडखळत म्हणाल्या. "तू वाजवलीस."

फोटोसाठी उभी असलेली मुलगी मागोमाग आली होती. तिने राहिलेलं वाक्य पुरं केलं. साहेबांचं तोंड पांढरं पडलं. मग मशीन लगेच रिकामं झालं; साहेबांच्या आईसाठी होतं तसं. कवटीच्या आत रक्त साचत होतं.

ऑपरेशनच्या दाराशी ट्रॉली थांबली. सर्जन हातमोजे चढवत होता. साहेब आईचा हात धरून त्याला सांगू लागले: गोळी कोणती, कधीपासून, सकाळची चक्कर, त्या चकरेचा फोन, तो आपणच कसा तोडला, उंबरा, तुटकी चप्पल.

"डॉक्टर," सर्जन घाईने म्हणाला, "थोडक्यात सांगा."



आजींनी डोळे मिटलेलेच ठेवले. जीभ वळत नव्हती, तरी त्यांनी ती वळवली.

"बोलू दे त्याला," त्या म्हणाल्या. "जन्मात पहिल्यांदा मुद्द्याचं बोलतोय."