थंड पडलेला सर्व्हर

यंत्रं बरी करणाऱ्या तारवाल्या बाबांच्या दर्शनाला आज इस्पितळाच्या संगणक खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टर, कारकून, वॉर्डातल्या सिस्टर, सगळे श्वास रोखून ऐकत होते, आणि ऐकत काय होते, तर काहीच नाही. महिनाभर घरघरणारा सर्व्हरचा पंखा गप्प झाला होता. साथीच्या दिवसांत रिकाम्या खाटांचा आकडा बघायला हजारो लोक वेबसाइटवर तुटून पडायचे आणि ती बंद पडायची. गेल्या आठवड्यात बाबांनी या खोलीत तासभर दार लावून घेतलं, तेव्हापासून पान चुटकीसरशी उघडत होतं. इंटरनेटचा रोजचा खर्चही निम्म्यावर आला होता.

"यंत्राचा ताप मी माझ्या अंगावर घेतला," बाबा डोळे मिटून म्हणाले. ताप अंगावर घ्यायला त्यांना ऑपरेटरकडून पासवर्ड मात्र मागून घ्यावा लागला होता.

ती ऑपरेटर भिंतीला टेकून उभी होती. चार दिवसांपूर्वी, ती रजेवर घरी असताना, दाजींचा फोन आला होता: ताईला धाप लागलीय, कुठे नेऊ? तिने मोबाइलवर पान पाहिलं, खाटा चार दिसल्या, आणि तिने बेधडक सांगितलं, इकडेच आणा. दाजींनी जवळचा दवाखाना सोडून दोन तासांची वाट धरली. इथे एकही खाट नव्हती. ताई आवारातच गेली. बाबांना विचारलं, तर म्हणाले, ज्याचे त्याचे भोग.

तीन दिवस ती सर्व्हरच्या नोंदी चाळत बसली होती. आज तिने सगळ्यांदेखत त्याची वायर उपटली. व्यवस्थापक अंगावर धावून आले. तिने मोबाइल वर धरला. सर्व्हर बंद, तरी पान उघडलं. लोकांनी बाबांपुढे माना लववल्या.

मग तिने मोठ्या सिस्टरना विचारलं, आत्ता खाटा किती? एकही नाही, त्या म्हणाल्या. पानावर पाच होत्या.

"ही कालच्या पानाची प्रत आहे," ती म्हणाली. "वाटेतल्या दुसऱ्या यंत्रात ठेवलेली. लोकांना तीच मिळते, मग आपला सर्व्हर कशाला तापेल? याला कॅशिंग म्हणतात. चांगली सोय आहे, जगभर वापरतात. फोन नंबर, डॉक्टरांच्या वेळा, असं रोज न बदलणारं खुशाल ठेवावं. यांनी खाटांचा आकडाही चोवीस तास गोठवला, चमत्कार दिसावा म्हणून. आपण आत वही बघतो, म्हणून आपल्याला कळलं नाही. बाहेरच्यांना मोबाइलशिवाय काय आहे?"

श्रद्धा कमी पडली की आकडे फिरतात, असं काहीतरी बाबा पुटपुटले. उद्यापासून बाबांना आणखी तीन इस्पितळांत न्यायचं व्यवस्थापकांनीच ठरवलं होतं. हे बाहेर बोलू नकोस, असं त्यांनी तिला हळूच सुचवलं.

"बोलणार," ती म्हणाली. "काय केलंत, कसं केलंत, एवढं आपण कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही. इथून पुढे कुणीही असलं काही दाखवलं, तर आधी ते विचारा. माझी ताई वाचली असती की नाही, सांगता येत नाही. जवळच्या दवाखान्यात वेळेवर पोचली असती, एवढं नक्की."