माझ्या वाटणीचा ॲक्सल

मुलीला आईवडील काय काय देतात. मला बाबांनी ट्रकचा मागचा ॲक्सल दिला. हे सांगितलं की लोक आधी हसतात. मग मी थट्टा करत नाही हे ध्यानात येतं आणि गप्प होतात.

आमचं ट्रक दुरुस्तीचं वर्कशॉप घराला लागूनच होतं. मधे एक दार. त्या दाराला कडी होती, पण माझ्या लहानपणी ती कधी लावलेली आठवत नाही. बाबा गाडीखाली उताणे झोपून फक्त हात बाहेर काढायचे आणि मी त्या हातावर पाना ठेवायची. तेरा नंबरचा पाना कधी लागणार ते मला न सांगता कळायचं, म्हणून त्यांनी माझं नावच ‘तेरा नंबर’ ठेवलं. घरात मला दुसऱ्या नावानं हाक मारलेली फक्त आजारपणात. काम आटोपलं की बाबा आणि मी एकाच स्टीलच्या पेल्यातून आळीपाळीनं चहा प्यायचो. पेल्याला ग्रीसचे ठसे असायचे. कपबशी पाहुण्यांसाठी.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. हाताचा फार हुशार. गाडी नुसती ऐकून तिचं दुखणं सांगायचा. हे मी मुद्दाम आधीच लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं ते त्याला काम येत नव्हतं म्हणून झालं नाही.

मी नववीत असताना एक मोठा मालट्रक उतारावर उलटून मोडीत निघाला. बाबांनी त्याचा मागचा ॲक्सल तेवढा ठेवून घेतला. ॲक्सल म्हणजे गाडीचं सगळं मागचं ओझं पेलणारा आडवा लोखंडी दांडा. त्याच्या मधोमध हंड्यासारखा गोळा असतो, आत दातेरी चाकं. साध्या ट्रकच्या गोळ्यापेक्षा हा दांडगा होता. बाबांनी तो रॉकेलनं धुतला, ग्रीस भरलं, पोत्यात गुंडाळायला घेतला. मग हातोडा आणि खूण करायचा पंच माझ्या हातात दिला.

“मार. तुझी खूण कर.”

मी गोळ्याच्या खालच्या अंगाला, सहज दिसणार नाहीत अशी तीन टिंबं उठवली. तिसरं तिरकं गेलं, कारण नेमका तेव्हाच दादा जोरात खोकला.

“वर्कशॉप दादाचं,” बाबा म्हणाले. “हा तेरा नंबरचा. हिच्या घरी ट्रक येईल तेव्हा बसवायचा.”

“आणि हिच्या घरी सायकल आली तर?” दादा म्हणाला.

“तर सायकलला बसव. पण हिच्याच.”

आम्ही तिघंही हसलो होतो.

बाबांच्या दोन गोष्टी इथे सांगायला हव्यात. एक म्हणजे मीटरची. जड ॲक्सलच्या आतले दाते वेगळे असतात. चाक एकदा फिरवायला इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टला जास्त फेरे घ्यावे लागतात. त्यानं गाडी चढ चांगला ओढते. पण मीटर मोजतं ते शाफ्टचे फेरे, चाकाचे नाही. म्हणून मीटर भलतंच सांगायला लागतं. “जड ॲक्सलची गाडी बढाईखोर,” बाबा म्हणायचे. “चालते चाळीस आणि सांगते अठ्ठेचाळीस.”

दुसरी गोष्ट आमच्या वर्कशॉपची रीत. ज्यानं ॲक्सल बसवला, त्यानं भरल्या गाडीच्या पहिल्या खेपेला ड्रायव्हरशेजारी बसायचं. ताप असो, पाऊस असो. बाबा हात धुऊन, एक स्वच्छ सदरा घालून जाऊन बसायचे. “माझ्या कामावर मी बसणार नाही तर दुसऱ्यानं का बसावं?”

माझ्या घरी सायकल नाही, ट्रकच आला. ह्यांचा. जुना होता, दोन मालकांच्या हातून आलेला, पण इंजिन निरोगी होतं. आम्ही कापसाच्या गाठी, रिकामी पिंपं, असला हलका माल न्यायचो. बाबा तोवर गेले होते. ॲक्सल अजून पोत्यातच होता. दादा दर वर्षी त्याला ग्रीस लावायचा, हेही खरं.

मग नदीवर मोठा पूल बांधायचं निघालं. दगड आणायचा तो चाळीस किलोमीटरवरच्या खाणीतून. दोन वर्षं पुरेल एवढं काम. ते मिळालं असतं तर अधूनमधून दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून जाणं ह्यांचं सुटलं असतं. आम्ही एकदा दगड भरून बघितला. खाणीबाहेरच्या चढावर मागून ‘ठक्क’ असा आवाज आला आणि गाडी बसली. आतली दांडी तुटली होती आणि तिनं बाहेरचं लोखंडही फोडलं होतं. दादानं दुरुस्त करून दिलं. फुटलेल्या जागी वेल्डिंगचं ठिगळ, गोगलगाय चिकटावी तसं.

खाणीचा मुकादम म्हणाला, “ताई, मला दगड न्यायचाय, म्हातारी नाही फिरवून आणायची. मागचं दणकट करा आणि या. महिनाअखेर गाड्या ठरवतोय.”

मी त्याच दिवशी दादाकडे गेले. “माझा ॲक्सल बसवून दे.”

“देतो की,” दादा म्हणाला. “बाबांचा शब्द आहे. आठ दिवस लागतील. स्प्रिंगांच्या बैठका नव्यानं वेल्ड करायच्या, शाफ्ट कापून तोकडा करायचा, ब्रेकचे पाइप. घाई करू नकोस.”

हे ट्रक सोडून आले. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. बघायला गेले, तर वर्कशॉपच्या दाराला आतून कडी.

“आत तेलच तेल सांडलंय, वन्सं,” वहिनी म्हणाली. “घसराल. बसा ना ओसरीवर.” आणि तिनं मला चहा दिला. कपबशीत. मला ते चमत्कारिक वाटलं, पण मी म्हटलं, ही आपली रीतभात पाळते आहे. ओसरीच्या कोपऱ्यात बाबांचं पोतं पडलं होतं, रिकामं. ते बघून मला केवढं समाधान झालं! निघाला बाहेर माझा ॲक्सल. मी दुसरा कपही मागून घेतला.

आठव्या दिवशी ट्रक तयार. मी वाकून पाहिलं. मागचा सगळा भाग काळ्या रंगानं नुसता चकाकत होता.

“हात लावू नकोस, ओला आहे,” दादा म्हणाला.

“बाबा कधी रंग द्यायचे नाहीत.”

“बाबा बरंच काही करायचे नाहीत.”

गोळा मला मोठा दिसला. खरंच दिसला. मनात भरवसा असला की डोळेही त्याचीच नोकरी करतात.

खाणीवरच्या घरांसाठी विटा न्यायच्या होत्या. तीच पहिली खेप. मी म्हटलं, “दादा, सदरा बदल. चल.”

“मला नाही जमायचं गं. कमरेत उसण भरलीय.” त्यानं कमरेवर हात ठेवला. मग बाजू बदलून पुन्हा ठेवला.

“मग मी बसते,” मी म्हटलं. “ॲक्सल माझा आहे.”

ह्यांनी विटा अर्ध्याच भरल्या. मी विचारलं तर म्हणाले, “पहिल्या दिवशी दमानं.” मला वाटलं, किती जपतात माझ्या वस्तूला.

वर्कशॉपच्या फाटकाशी मी मीटरचा आकडा मनात धरला. रस्ता माझ्या पायाखालचा. फाटकापासून खाणीच्या कमानीपर्यंत चाळीस, बाबांबरोबर शंभरदा गेले असेन. निम्म्यावर पाण्याची टाकी लागते. टाकीशी मी मीटर पाहिलं. बाबांच्या हिशेबानं चोवीस हवे होते. वीस होते.

मी म्हटलं, माझा आकडा चुकला असेल. पुढे म्हटलं, मीटरची तार कुठे अडकली असेल. माणूस किती वकील लावतो बघा. पुढच्या वीस किलोमीटरमध्ये मी दादाच्या बाजूनं पाच-सहा तरी लावले असतील. हे सरळ पुढे बघत गाडी चालवत होते. एरवी शीळ घालायचे, त्या दिवशी तीही नाही.

खाणीची कमान आली. चाळीसला चाळीस.

“थांबवा,” मी म्हटलं.

“आत जाऊन थांबू ना.”

“इथेच थांबवा.”

मी उतरले, पदर खोचला आणि गाडीखाली शिरले. लग्नानंतर पहिल्यांदाच. रंग अजून मऊ होता. मी केसातली पिन काढून गोळ्याच्या डाव्या अंगाला खरवडायला लागले. काळी साल निघाली आणि खालून ती गोगलगाय बाहेर आली. वेल्डिंगचं ठिगळ. आमचाच जुना, तुटका, दुरुस्त केलेला ॲक्सल.

“अहो!” मी खालून ओरडले. “अहो, हा आपला जुनाच आहे! या खाली, बघा!”

गाडीखालून मला फक्त ह्यांच्या चपला दिसत होत्या. चाकाशेजारी, जोडीनं. फसवला गेलेला माणूस असा उभा राहत नाही. तो वाकतो, शिव्या देतो, धावत येतो. त्या चपला तसूभर हलल्या नाहीत. दादानं काय केलं ते मला ठिगळानं सांगितलं होतं. उरलेलं त्या चपलांनी सांगितलं.

मी बाहेर आले. “तुम्हाला माहीत होतं.”

“दादांनी आधीच बसवून टाकला होता गं. वहिनींच्या भावाच्या नव्या गाडीला. मला सांगितलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.”

“कधी सांगितलं?”

हे रस्त्याकडे बघायला लागले. “तू ओसरीवर चहा पीत होतीस, तेव्हा मी आत होतो.”

म्हणजे कडी आतून लागली होती ती तेलासाठी नव्हे. मी दुसरा कप पीत होते आणि दारापलीकडे हे दोघं माझ्या वाटणीचं ठरवत होते.

“पुलाचं काम त्या गाडीला मिळणार,” हे घाईघाईनं म्हणाले, “पण ती गाडी चालवणार मीच. तसं ठरलंय. काम तर घरात येतंच आहे ना?”

“आणि रंग कशाला दिला?”

“तुला लागू नये मनाला. मीच म्हटलं, निदान तिला बसवल्यासारखं वाटू दे.”

मुकादमाला फसवायचंच नव्हतं, त्याला दुसरी गाडी मिळाली होती. दादाला माहीत, ह्यांना माहीत, वहिनीला माहीत. तो डबाभर काळा रंग जगात फक्त एका माणसासाठी विकत आणला होता.

विटा उतरवून परत येईपर्यंत दुपार झाली. मला वर्कशॉपशी सोडा म्हटलं. मी घरातून गेले, ओसरीवर थांबले नाही. दाराला कडी नव्हती आता. वहिनीच्या भावाची गाडी मधोमध उभी होती. मी कोणाशी न बोलता खाली शिरले आणि गोळ्याच्या खालच्या अंगाला बोट फिरवलं. एक टिंब. दुसरं. तिसरं तिरकं.

बाहेर आले तर दादा उभा होता, हातात फडकं.

“हिची पहिली भरली खेप झाली?” मी विचारलं.

“झाली. परवा.”

“तू बसलास?”

त्यानं फडक्याला बोटं पुसली. मग म्हणाला, “बसलो.”

“स्वच्छ सदरा घालून?”

“हे बघ, तेरा नंबर…”

“त्या नावानं हाक मारू नकोस.”

“भावजींचा तो खटारा किती दिवस चालणार होता? असला ॲक्सल त्याला बसवणं म्हणजे वाया घालवणं. बाबा असते तर त्यांनीही चांगली गाडीच बघितली असती.”

“बाबा असते,” मी म्हटलं, “तर पोतं सोडायच्या आधी त्यांनी मला हाक मारली असती.”

नंतर मला पुष्कळदा वाटलं, दादा माझ्यापुढे हात पसरून म्हणाला असता, मेव्हण्याला दे, मला सासरी तोंड दाखवायला जागा नाही, तर मी दिलाही असता. कदाचित पंच घेऊन चौथं टिंबही मारून दिलं असतं. पण विचारायला त्याला कडी उघडावी लागली असती.

ह्यांच्याबरोबर मी पुढे एकतीस वर्षं संसार केला. वाईट केला नाही. पुलाच्या कामावर हे गेले, मीच डबा भरून द्यायची. आमच्या ट्रकच्या ॲक्सलवरचा रंग मी तेवढा कधी पुन्हा देऊ दिला नाही. खरवडलेली जागा तशीच राहिली, आधी चकाकती, मग तांबूस. हे गाडी धुवायचे तेव्हा तेवढी जागा सोडून धुवायचे.

आणि अगदी अलीकडे, हे गेल्यावर चार वर्षांनी, एका सकाळी दारात हातगाडी आली. मागून दादा, काठी टेकत. वहिनीच्या भावाचा ट्रक मोडीत गेला होता. दादानं ॲक्सल सोडवून घेतला होता. धुतला होता, ग्रीस लावलं होतं, नव्या पोत्यात गुंडाळला होता. हमालांनी तो अंगणात ठेवला. आमचा ट्रक जाऊन तर तेव्हा वीस वर्षं झाली होती.

दादा पायरीवर बसला. दम खात म्हणाला, “खूण बघून घे. तीन आहेत.”

“बघते सावकाश,” मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. दार उघडंच होतं, आत स्वयंपाकघरातला स्टीलचा पेला दिसत होता. मी आत गेले. चहा ठेवला. फडताळाच्या वरच्या खणातून कपबशी काढली, पुसली आणि त्याला बाहेर पायरीवर नेऊन दिली.

त्यानं कपाकडे पाहिलं, मग बशीकडे. दोन्ही हातांनी धरून सगळा चहा प्यायला. दुसरा कप मात्र मागितला नाही.