अस्वलाची पाटी

"लेखकाने हे का लिहिले?" या प्रश्नाला माझ्या पाचवीच्या वर्गाकडे एकच उत्तर होतं. "माहिती देण्यासाठी!" धडा विनोदी असो, गोष्ट भुताची असो, नाहीतर साबणाची जाहिरात असो, यांची आपली माहितीच. पंचाण्णवच्या एप्रिलात एकदा माझं डोकं फिरलं. पुस्तक मिटलं आणि सकाळच्या शाळेतली तेवीसच्या तेवीस पोरं घेऊन मी गावाबाहेर निघाले. कुरखेड्याकडच्या वाटेवर कमळाआजीच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मोहाचं मोठं झाड आहे. त्याला नवी पाटी लागली होती, ती मला दाखवायची होती.

जुन्या पत्र्यावर डांबरानं लिहिलं होतं, 'सावधान. या झाडाखाली अस्वल येते.'

"बघा," मी ऐटीत म्हटलं, "हे लिहिलं सावध करायला. दुसऱ्याचा जीव वाचावा म्हणून."

पोरं माना डोलवू लागली. खुशबू मात्र झाडाखाली बघत होती. तिथे कमळाआजी टोपली घेऊन निवांत मोहफुलं वेचत बसली होती.

"बाई, अस्वल येते, तर आजी काऊन नाई भेत?"

झालं, वर्गाला चेव आला. कोलू म्हणाला, जंगलखात्याची पाटी असती तर खाली शिक्का असता. वारलूनं आजीच्या लुगड्यावरचा डांबराचा डाग दाखवला. यात फायदा कोणाचा, हे मी विचारायच्या आतच सगळी बोटं आजीकडे वळली.

मी रागवायला हवं होतं. पण खरं सांगते, मला आनंदाचं भरतं आलं. माझ्या संध्याकाळच्या साक्षरता वर्गात या पोरांच्या आया शिकून पुढे गेल्या, पण आठ महिने कमळाआजीची गाडी सहीपाशीच अडली होती. आणि आज तिनं अख्खा गाव फसवला होता!

"आजी, खोटं काऊन लिहलं?" कोलूनं विचारलं.

"पयले खरंच लिहलं होतं." आजीनं पत्रा झाडावरून काढून उलटा केला. मागे होतं, 'हा मोह कमळाचा आहे.' "कोणी मानलंच नाई. मी लंगडत येतो, तवापर्यंत झाडाखाली साफ. वर्षाचं तेलमीठ यावरच चालते माहं."

पोरांच्या माना खाली गेल्या. साफ करणारे कोण, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. आयांबरोबर पहाटे टोपल्या घेऊन तीच तर येत होती.

मग खुशबूनं आजीकडून उरलेल्या डांबराचा डबा मागून घेतला. काडी बुडवून खऱ्या वाक्याखाली स्वतःचं नाव लिहिलं. तिच्यामागे कोलू, मग वारलू. दाटीवाटी करत तेवीस नावं त्या पत्र्यावर बसली. ती बाजू पुढे करून पोरांनी पाटी पुन्हा टांगली.

"आणि हे कशासाठी लिहिलं गं?" मी विचारलं. यावेळी मला खरोखरच कळलं नव्हतं.

"माही माय वाचते आता," खुशबू म्हणाली. "माह्या नावासमोरून ती फुलं नाई नेणार."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मुद्दाम तिकडून गेले. आजी अजून वेचतच होती. शेजारी खुशबूची माय बसली होती आणि मूठ मूठ फुलं आजीच्या टोपलीत टाकत होती.