कोहक्याच्या विहारातला सर्व्हर

मित्रांनो, विहाराच्या वाचनालयात पुस्तकांच्या कपाटाशेजारी, लाकडी स्टुलावर जो करडा डबा सारखा घूं-घूं करत असतो, तो मी. एक जुना सर्व्हर. स्वतःविषयी बोलायची मला सवय नाही, आणि माझ्या गोष्टीत सांगण्यासारखे कितपत आहे, याचीही शंकाच आहे. तरी सांगतो, कारण एका गोष्टीचा मला अभिमान आहे.

हथखोज भागातल्या एका कारखान्याच्या ऑफिसात माझे सुटे भाग जोडले गेले. अकरा वर्षे मी तिथे गेटवरून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची नोंद ठेवली. ‘हा कधी अडत नाही,’ असे तिथले बाबू म्हणत. मग नवी यंत्रे आली आणि मी कोपऱ्यात गेलो. लोक माझ्यावर चहाचे कप ठेवू लागले. एका कपाचा गोल डाग अजून माझ्या डोक्यावर आहे.

तिथून मला साक्षीने आणले. साक्षी इथल्या कोहका वस्तीतलीच, कॉम्प्युटर शिकलेली मुलगी. तिने रक्तदात्यांचे एक वेब अ‍ॅप्लिकेशन तयार केले होते. आमच्या वस्तीत सिकलसेलचे रुग्ण बरेच. शेजारच्या गल्लीतल्या रुक्माबाईंची सून सुजाता त्यांपैकीच. तिला अधूनमधून रक्त चढवावे लागे, आणि दर वेळी रुक्माबाई दारोदार विचारत फिरत. साक्षीच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये रक्तगट टाकला की कोण रक्त देऊ शकेल, त्याने शेवटचे कधी दिले, हे लगेच दिसे. पण ते फक्त तिच्या लॅपटॉपवर चाले. सगळ्यांच्या मोबाइलवर उघडायचे, तर अखंड जागा राहणारा कोणीतरी हवा होता. तो मान मला मिळाला.

एका रविवारी सकाळी बुद्धविहारात वंदना आटोपल्यावर साक्षीने अ‍ॅप्लिकेशन माझ्यावर बसवले, दात्यांची यादी भरली आणि एक ओळ टाइप करून ते सुरू केले. रुक्माबाईंच्या मोबाइलवर पान उघडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत माझाही वाटा असावा, असे मला उगीच वाटले.

दुपारी सगळे गेले. शेवटी धोंडबाकाका उठले. काका स्टील प्लांटातून निवृत्त झालेले इलेक्ट्रिशियन. विहाराची किल्ली त्यांच्याकडे. त्यांनी खिडक्या लावल्या, पंखे बंद केले आणि मेन स्विच खाली ओढला. छोट्या बॅटरीवर मी वीस मिनिटे तग धरला. मग विझलो.

सोमवारी सकाळीच सुजाताला दवाखान्यात न्यावे लागले. रुक्माबाईंनी मोबाइलवर पान उघडून पाहिले. उघडेना. त्या साक्षीला घेऊन विहारात आल्या. काकांनी कुलूप काढून मेन वर केला. मी जागा झालो, पण पान काही उघडेना. साक्षीने अ‍ॅप्लिकेशन हाताने सुरू केले होते. मी पुन्हा उठलो तर त्यालाही उठवायचे, हे मला तिने सांगितलेच नव्हते.

“काका, मेन कावून पाडला तुमी?”

“कावून म्हणजे? बत्तीस वर्षं प्लांटात राहिलो. मेन पाडल्याबिगर घरी गेलो नाही. बोर्डावर टॅग कुठी होता तुहा?”

“कोणता टॅग?”

“लाल टॅग. कोण काम करून राहिलं त्याचं नाव लिवतो आमी, मंग स्विचले कोणी हात लावत नाही. त्या डब्ब्यात काम सुरू हाय, हे मले कसं समजंल?”

“भांडान तुमी मंग सावकाश,” रुक्माबाई म्हणाल्या. “आधी नाव काढून दे वं पोरी. सून तिकडं पडून हाय.”

साक्षीने पुन्हा ती ओळ टाइप केली. सुजाताचा रक्तगट टाकला, आणि मी यादी चाळली. ओ निगेटिव्ह, शेवटचे रक्तदान पाच महिन्यांपूर्वी : राजदीप, राहणार मरोदा. साक्षीने फोन लावला. “निघून राहिलो मी, ताई,” तो म्हणाला. चाळीस मिनिटांत तो दवाखान्यात पोचला होता. दुपारी सुजाताला रक्त मिळाले.

साक्षी मात्र घरी गेली नाही. अ‍ॅप्लिकेशन माझ्याबरोबर आपोआप उठेल, अशी सोय तिने केली. मग काकांनाच म्हणाली, “आता पाडा मेन. बॅटरीपण काढा.”

“ट्रायल घेऊन राहिली का? घे. आमच्या डिपार्टमेंटात तीन ट्रायल लागत.”

त्यांनी मला तीनदा पाडले. तीनदा मी उठलो, आणि तीनदा पान उघडले. तिसऱ्या वेळी काकांनी माझ्या अंगावरची धूळ आपल्या रुमालाने पुसली. चहाच्या कपाचा तो डाग मात्र निघाला नाही.

आज दोन वर्षे झाली. मेन स्विचवर साक्षीच्या नावाचा लाल टॅग आहे, म्हणून काका आता तो पाडत नाहीत. वीज मात्र गेली, आली, आणि दर वेळी मी अ‍ॅप्लिकेशनसकट उठलो. मी एकशेबारा वेळा सुजातासारख्यांना दाता शोधून दिला आहे. एवढ्या जुन्या डब्याकडून हे झाले, याचा मला खरोखर अभिमान वाटतो.

मित्रांनो, एक विनंती आहे. काम सुरू झाले म्हणून लगेच टाळ्या वाजवून घरी जाऊ नका. तुम्ही जवळ नसताना ते पडले, तर आपले आपण उठते का, हे आधी पाहा. ते उठण्याची वाट पाहत कोणीतरी दवाखान्यात पडून असते.