नवलच्या खांद्यावरचा हात

नवलला मारलं तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. सामाईक विहिरीवर त्या दिवशी पाळी त्याची होती, आणि मोटर मात्र जितेंद्रच्या केळीला पाणी देत होती. नवलने जाऊन स्टार्टर बंद केला. जितेंद्र फावडं घेऊन बांधावरून आला. दोघे लहानपणापासूनचे मित्र, एकाच गणेश मंडळाची वर्गणी मागत गावभर फिरलेले. पहिला घाव मानेवर बसला, दुसरा डोक्यात. तिसरा बसला तेव्हा नवल सरीत पालथा पडला होता आणि ठिबकच्या नळीतलं पाणी त्याच्या गालावर टपटपत होतं. उभ्या केळीत दहा हातांवरचं माणूस दिसत नाही. शेजारच्या मळ्यांत त्याचं ओरडणं ऐकू गेलं होतं, पण पोलीस आल्यावर कुणीच काही ऐकलेलं नव्हतं.

जितेंद्रच्या आईने, यशोदाबाईने, जबाब दिला की पोराला ताप होता, तो सकाळपासून घरातच झोपून होता. काही महिन्यांनी जितेंद्रला जामीन मिळाला. तालुक्यात पाऊल ठेवायचं नाही अशी अट होती, म्हणून तो दोंडाईच्याला मामाकडे जाऊन राहिला. खटला रेंगाळला. नवलची आई शेवंताबाई वर्षाच्या आत गेली. बाप भाईदास याच्या किडन्या निकामी झाल्या. त्याला आठवड्यातून दोनदा जळगावला डायलिसिससाठी न्यायचं काम धाकट्या ललितवर पडलं.

यातलं काहीही ऋतिकाला माहीत नव्हतं. ती मूळची जळगावची. सावद्याच्या एका धर्मादाय रुग्णालयात देणग्यांचं काम बघायची. रुग्णालयाचं डायलिसिस केंद्र लोकांच्या देणग्यांवरच चालायचं. आधी देणगीदारांची नावं संगमरवरी पाट्यांवर कोरत. भिंती भरल्या, पाट्या जिन्यापर्यंत गेल्या, तेव्हा ट्रस्टचे अध्यक्ष मोतीलालभाऊ यांनी दर्शनी भागात माणसाच्या उंचीचा टचस्क्रीन बसवला. त्यावर नावांच्या रांगा होत्या. नावाला बोट लावलं की फोटो मोठा होऊन पुढे येई, देणगी कुणी दिली, कुणाच्या स्मरणार्थ दिली, ते खाली उमटे. कोपऱ्यात कोड होता, मोबाइल धरला की उभ्या उभ्या देणगी देता येई. सुरतेला, पुण्याला गेलेली माणसं गावी आली की आपल्या आजोबांचं नाव शोधून पडद्यासमोर फोटो काढत, आणि जाताना पुन्हा काहीतरी देऊन जात. मोतीलालभाऊ म्हणायचे, पाटी नुसती दिसते, हा पडदा मागतो.

यशोदाबाई आली ती गळ्यातली पोत रुमालात बांधून. तिने ती गाठ ऋतिकाच्या टेबलावर सोडली.

"कुणाच्या स्मरणार्थ लिहू, मावशी?"

"नवलच्या."

"फोटो आहे?"

तिने पिशवीतून गणपतीच्या मिरवणुकीतला एक फोटो काढला. गुलालात माखलेली दहा-बारा पोरं. तिने त्यातल्या एकावर बोट ठेवलं.

पडद्याच्या फॉर्ममध्ये 'नातं' हा रकाना भरल्याशिवाय नोंद पुढे जात नव्हती. ऋतिकाने विचारलं, "तुमचा मुलगा का?" यशोदाबाईने पदर डोळ्यांना लावला आणि तसाच धरून ठेवला. ऋतिकाला तेवढं पुरलं. तिने 'आई' असं लिहिलं. फोटोतून नवलपुरता भाग कापून घेतला. शेजारच्या पोराचा हात त्याच्या खांद्यावर होता. मनगटात तांब्याचं जाड कडं होतं. तो हात काही कापता आला नाही.

त्यानंतर यशोदाबाई दर गुरुवारी सकाळी यायची. तिला वाचता येत नव्हतं. तिसऱ्या रांगेत उजवीकडून दुसरं, एवढं ऋतिकाने तिला शिकवलं होतं. ती बोट लावायची, नवलचा चेहरा मोठा व्हायचा, आणि ती हात जोडून उभी राहायची. लेक गेलेली बाई, असं समजून ऋतिका तिला चहा द्यायची.

अशाच एका गुरुवारी ललितने बापाला पहिल्यांदा सावद्याला आणलं. जळगावच्या फेऱ्या भाईदासला झेपत नव्हत्या, आणि इथे जागा मिळाली होती. तंत्रज्ञ योगेंद्रने भाईदासच्या हातात दोन जाड सुया घातल्या, मशीन सुरू केलं. आता चार तास हलायचं नव्हतं. ललित चहा प्यायला बाहेर आला आणि त्याला पडद्यावर त्याचा मेलेला भाऊ हसताना दिसला.

समोर एक म्हातारी हात जोडून उभी होती. त्याने नाव वाचलं, खालची ओळ वाचली. मग त्याला खांद्यावरचा हात दिसला. ते कडं त्याने हजार वेळा पाहिलं होतं.

"आई?" तो म्हणाला. "तू त्याची आई?"

यशोदाबाई वळली. "ललित..."

त्याने तिचा अंबाडा धरला आणि तिचं डोकं पडद्यावर आपटलं. एकदा, मग पुन्हा. दुसऱ्या वेळी तिच्या कपाळाचं रक्त नवलच्या चेहऱ्यावर फिसकटलं. ऋतिका टेबलामागून धावली आणि त्याच्या दंडाला लोंबकळली. त्याने तिला झटकलं तशी ती खुर्च्यांवर जाऊन पडली. बाकावरची माणसं उठून भिंतीला लागली. कुणी पुढे आलं नाही.

ललितने कोपऱ्यातलं आग विझवायचं लाल नळकांडं उचललं आणि खांद्यावरच्या त्या हातावरच घातलं. काच तडकली. दुसऱ्या घावाला तुकडे खाली आले. ऋतिका रांगत यशोदाबाईकडे निघाली होती, तिचा तळवा काचेवर पडला आणि अंगठ्यापासून मनगटापर्यंत चिरत गेला. नवलचा अर्धा चेहरा काळा झाला, अर्धा अजून हसत होता. ललितने तिसरा घाव घातला तेव्हा पडदा विझला.

"तुह्या पोराचा हात हाये तो," तो म्हणाला. त्याचा आवाज आता चढलेला नव्हता, आणि ऋतिकाला त्याचीच जास्त भीती वाटली. "माही माय झुरून मेली. अन् तू अठी त्याची माय होऊन उभी राहते?"

यशोदाबाईने डोक्यावर हात धरला. नळकांडं कोपराखाली बसलं. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. ती खाली बसत गेली. ललितने ते पुन्हा उचललं, या वेळी दोन्ही हातांनी, डोक्याच्या वर.

आत भाईदासने पोराचा आवाज ओळखला होता. योगेंद्र गोंधळ ऐकून बाहेर धावला आणि तेवढ्यात म्हातारा उठला. सुया निसटल्या. मशीन ओरडू लागलं. पलंगापासून दारापर्यंत रक्ताची रेघ उमटली, आणि दाराची चौकट धरून तो उभा राहिला तेव्हा त्याच्या दंडातून रक्त पिचकारीसारखं उडत होतं.

"ललित," तो म्हणाला, आणि कोसळला.

"इकडे या," योगेंद्र ललितला उद्देशून ओरडला. "दाबा इथे. दोन्ही अंगठे. सोडू नका."

नळकांडं ललितच्या हातात तसंच उगारलेलं होतं. त्याने एकदा यशोदाबाईकडे पाहिलं, एकदा बापाकडे. मग ते बाजूला फेकून तो रक्तात गुडघ्यांवर बसला आणि त्याने अंगठे दाबले. डॉक्टर धावत आले, रक्ताची पिशवी लागली, टाके पडायला वेळ लागला. पोलीस आले तरी तो तसाच बसून होता. "हात काढला तर मरंल तो," त्याने हवालदाराला सांगितलं. हवालदार बेड्या हातात घेऊन थांबला.

भाईदास वाचला. ललितला नेलं. ऋतिकाच्या तळव्याला अकरा टाके पडले.

संध्याकाळी हवालदार यशोदाबाईचा जबाब घ्यायला वॉर्डात आला. तिच्या हाताला प्लास्टर होतं, एक डोळा सुजून मिटला होता. तिचा पुतण्या कुंदन शेजारी उभा राहून सांगत होता, काकू, काही सोडू नको, चांगला आत गेला पाहिजे तो.

"लिहा," यशोदाबाई म्हणाली. "ललितनं मारलं. डोकं आपटलं, हात मोडला. जसं झालं तसं लिहा." हवालदाराने लिहिलं. "आता दुसरं लिहा. नवलले मारलं त्या दिवशी माह्या पोराले ताप नव्हता. तो दुपारी घरी आला, फावडं घेऊन. त्याच्यावर केस चिकटले व्हते. मी ते नळाखाली धुतलं. सदरा चुलीत घातला. मीच."

कुंदन म्हणाला, "काकू, गप्प बस."

हवालदाराने कागदावरून पेन उचललं. "आजी, विचार करून बोला. पोटचा पोरगा आहे."

"दोन वर्षं विचारच करते मी. लिहा."

ऋतिका पलीकडच्या पलंगावर होती. तिला तेव्हा कळलं की तिने पडद्यावर काय लिहिलं होतं.

कुंदनने दोंडाईच्याला फोन केला असावा. तिसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेत एक माणूस वॉर्डात शिरला, यशोदाबाईच्या पलंगावर बसला आणि तिच्या प्लास्टरवर हात ठेवला. बघणाऱ्याला वाटावं, लेक आईची विचारपूस करतोय.

"जबाब मागं घे," तो म्हणाला.

"नाही."

त्याने प्लास्टर पिळलं. यशोदाबाईच्या तोंडून आवाज निघाला तशी ऋतिकाने मान वळवली आणि तिला तांब्याचं कडं दिसलं. तिने सलाइनचा स्टँड उचलून त्याच्या पाठीत घातला. जितेंद्रने उठून तिच्या कानाखाली मारली, तिचे टाके उसवले, पण तिने स्टँड सोडला नाही. परवा भिंतीला लागलेल्या माणसांसारखी माणसं आजही तिथे होतीच. या वेळी ती पुढे आली. एकाने त्याला पाडलं, दोघांनी लाथा घातल्या, मग सगळेच मारू लागले. त्याचे दात फरशीवर पडले. थांबा म्हणून यशोदाबाई धडका हात पलंगावर आपटत होती. पोलिसांनी त्याला सोडवलं तेव्हा त्याला उभं राहता येत नव्हतं. त्याचा जामीन रद्द झाला.

बरी झाल्यावर ऋतिका भाईदासकडे गेली. तो मशीनवर होता.

"आई मी लिहिलं, आबा. तिनं सांगितलं नव्हतं. मी विचारलं, ती रडली, आणि मी लिहून टाकलं."

भाईदासने विचारलं, "ती कोन हाये, तुले कोनी सांगितलं नाही?"

"मी कुणाला विचारलंच नाही."

"मंग आता इचारत जाय," तो म्हणाला. "बाकी माह्याजवळ काही नाही तुले द्यायले. माफीबी नाही."

नवा पडदा आला. मोतीलालभाऊंनी नियम केला, मेलेल्या माणसाचं नाव त्याच्या घरच्यांच्या सहीशिवाय लावायचं नाही. भाईदासने सही दिली नाही.

पुढच्या वर्षी भुसावळच्या कोर्टात यशोदाबाई साक्षीला उभी राहिली. वकिलाने विचारलं, पहिला जबाब खोटा की हा? ती म्हणाली, पहिला. जितेंद्र समोरच होता, तिने त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली नाही. त्याला जन्मठेप झाली. ललितच्या खटल्यातही तिने तसंच सांगितलं, काही कमी केलं नाही, काही वाढवलं नाही. त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. गावात तिच्याशी कुणी बोलेना, तेव्हा ती बहिणीकडे बोदवडला राहायला गेली.

ललितच्या निकालाच्या दिवशी ती आणि भाईदास कोर्टाच्या ओसरीवर समोरासमोर आले. ललित आत होता, म्हणून ऋतिका भाईदासला घेऊन आली होती. तिला वाटलं, म्हातारा तोंड फिरवील.

"ललितच्या वक्तालेबी खरंच बोलली तू," भाईदास म्हणाला.

"हो."

"बरं," तो म्हणाला आणि काठी टेकत पायऱ्या उतरू लागला. यशोदाबाई बाजूला सरकली. वाकडा जुळलेला हात पोटाशी धरून ती तिथेच उभी राहिली, तो फाटकाबाहेर जाईपर्यंत.