पाचशे त्रेचाळीस वर्षांचं बाळ

“बाळाचं वय पाचशे त्रेचाळीस वर्षे. लसीचं वय उलटून गेलं आहे.”

बँकॉकपासून दूर, खोन केनजवळच्या एका आरोग्य केंद्रात, नर्स सुनारीच्या फोनवर ही ओळ वाचून प्रोग्रामर मुकनं कपाळावर हात मारला. लसीची आठवण करून देणारं हे ॲप तिनंच लिहिलेलं. ऑफिसातल्या फोनांवर ते मस्त चालायचं. इथे मात्र एकाही आईचा फोन अजून वाजला नव्हता.

“पणजोबा झोपलेत, हळू बोल,” तान्ह्या बाळाला थोपटत सुनारी म्हणाली. बाकावरच्या आया खिदळल्या.

मुकनं बँकॉकला आपल्या वरिष्ठाला, थनावतला फोन लावून ती ओळ वाचून दाखवली.

“अगं, त्यांना फोनमधलं कॅलेंडर बदलायला सांग. संपला विषय!”

“थना दादा, अख्खा देश बुद्धशकाच्या २५६७ सालात जगतोय. सगळ्यांनी साल बदलायचं, आणि आपण चार ओळी नाही बदलायच्या?”

“मग बदल तूच. उद्या हॉस्पिटलवाल्यांना ॲप दाखवायचंय, विसरू नकोस.”

मुक तिथेच लॅपटॉप उघडून बसली. सर्व्हरकडून जन्मतारीख यायची ती नुसती अक्षरं: 2024-03-14. त्यांची तारीख बनवताना फोन आपलंच कॅलेंडर वापरत होता. ऑफिसातले फोन इसवी सनावर, म्हणून तिथे कधी काही बिघडलं नाही. सुनारीचा फोन बुद्धशकावर, म्हणजे ५४३ वर्षं पुढे. त्यानं २०२४ हेही बुद्धशकातलंच धरलं आणि बाळाला थेट पाचशे वर्षांपूर्वीच्या अयुथयाच्या राजांच्या काळात जन्माला घातलं!

“सापडलास!” मुक ओरडली.

तिनं ॲपला बजावलं: सर्व्हरची अक्षरं वाचताना फोन कुणाचाही असो, इसवी सनच धरायचा. माणसाला दाखवताना मात्र त्याच्या फोनचं साल. मग नवं ॲप सुनारीच्या फोनवर चढवलं.

“जन्म: १४ मार्च २५६७. वय दोन महिने. आज लस द्यायची आहे.”

“बघू, बघू!” आयांनी आपापले फोन पुढे केले. मुक एकेकावर ॲप चढवत गेली. पहिला फोन किणकिणला, मग शेजारचा, मग दाराजवळचा.

“अगं बाई, माझ्या पोरीचीपण आजच आहे!”

“रांग लावा गं, ढकलू नका!” सुई तयार करत सुनारी ओरडली.

मुकनं थनावतला पुन्हा फोन लावला आणि तो त्या गलक्यासमोर धरला. “ऐकू येतंय का, दादा?”

थनावत हसून म्हणाला, “येतंय बाई, येतंय. उद्या हॉस्पिटलात तूच बोल.”

“बोलणारच होते!” मुक म्हणाली, आणि पुढच्या आईच्या फोनाकडे वळली.